व्यापार संघटनेतून बहिर्गमन नव्हे, सविनय कायदेभंग

वसई तालुक्यातील जूचंद्र हे गाव डोंगरावरील चंडिकादेवीमुळे आणि तेथील रांगोळीकारांमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. परंतु या गावाचा मूळ संसार उभा राहिला तो मिठागरांवर, खाजणातील भातावर आणि खाडीच्या मासळीवर. पश्चिमेच्या किनाऱ्यावर नायगाव, पाचूबंदर, अर्नाळा येथील कोळीवाडे आहेत. या टापूतील आगरी व कोळी कष्टकऱ्यांना जिनीव्हा हे नाव कदाचित अपरिचित असेल. परंतु जिनीव्हातील जागतिक व्यापार संघटनेला भात आणि मासळी हे विषय अपरिचित नाहीत. रेशनच्या तांदळाची खरेदी सरकारने कोणत्या भावाने करावी आणि मच्छीमाराच्या बोटीला कोणते साहाय्य द्यावे, हे दोन्ही प्रश्न त्या सरोवराकाठच्या शहरात चर्चिले जातात. म्हणूनच ‘भारताने जागतिक व्यापार संघटनेतून बाहेर पडावे’ या मागणीचा विचार जूचंद्रच्या बांधावर उभे राहून करणे अगत्याचे आहे.

ही मागणी आजची नाही. १९९१ च्या डिसेंबरात डंकेल प्रस्ताव पुढे आला तेव्हापासून समाजवादी आणि डाव्या चळवळींनी त्याला विरोध केला. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अबू धाबी येथे संघटनेची मंत्रिपरिषद सुरू झाली, त्याच दिवशी संयुक्त किसान मोर्चाने ‘व्यापार संघटना सोडा’ अशी हाक देऊन महामार्गांवर ट्रॅक्टर उभे केले. त्याहूनही मागे जायचे, तर १९४९ च्या लंडन जाहीरनाम्यानंतर भारताने राष्ट्रकुलात राहण्यास समाजवादी पक्षाने कडाडून विरोध केला होता. तेव्हा बड्या राष्ट्रांच्या मंडळातून बाहेर पडण्याची भाषा या परंपरेला परकी नाही. मागणी करणाऱ्यांची तळमळ वादातीत आहे. परंतु तळमळ ही हिशेबाची जागा घेऊ शकत नाही. बाहेर पडल्याने कष्टकऱ्यांच्या पदरात काय पडेल, आणि आत राहून काय करता येईल, याचा ताळेबंद मांडल्याविना ठराव करणे कार्यकर्त्यांना शोभणारे नाही.

प्रथम आरोपपत्र पाहावे, कारण ते खरे आहे. १ जानेवारी १९९५ रोजी ही संघटना अस्तित्वात आली. तिच्या शेतीविषयक करारात विकसनशील देशाला पिकाच्या एकूण मूल्याच्या १० टक्क्यांपर्यंतच त्या पिकाला भावाचा आधार देता येतो. हा आधार मोजताना आजचा हमीभाव १९८६-८८ या तीन वर्षांतील आंतरराष्ट्रीय भावाशी ताडून पाहतात. चार दशकांपूर्वीच्या मापाने आजचा अंगरखा बेतण्याचाच हा प्रकार. त्यामुळे शेतकऱ्याला प्रत्यक्षात खर्चही न भरून येणारा भाव मिळाला, तरी कागदावर ते भरमसाट अनुदान ठरते. २०१८-१९ या वर्षी तांदळाच्या बाबतीत भारताने ही मर्यादा ओलांडल्याची नोंद स्वतःच संघटनेकडे केली. उसाचे उदाहरण महाराष्ट्राला अधिक जवळचे आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये भारताविरुद्ध तक्रार केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये निवाडा समितीने भारताविरुद्ध निकाल दिला. उसाचा रास्त व किफायतशीर भाव सरकार नव्हे तर कारखाना देतो. तरीही तो सरकारी आधारच मानावा, असे समितीने ठरवले. याउलट श्रीमंत देशांनी आपली प्रचंड अनुदाने ‘व्यापारात विकृती न आणणारी’ या खात्यात वर्ग करून सुरक्षित ठेवली. एकाच तराजूची दोन पारडी वेगवेगळ्या धातूंची असावीत, तशी ही व्यवस्था आहे.

आयातीवरील संख्यात्मक निर्बंधांची कथाही अशीच. अमेरिकेने तक्रार केली, १९९९ मध्ये अपिलातही भारत हरला, आणि एप्रिल २००० मध्ये ७१४ व एप्रिल २००१ मध्ये ७१५ वस्तूंवरील निर्बंध उठवावे लागले. पेटंटांच्या बाबतीत १९७० च्या कायद्याने भारतीय औषध उद्योगाला दिलेले संरक्षण २००५ च्या दुरुस्तीने संपुष्टात आले. कोविडच्या साथीत, ऑक्टोबर २०२० मध्ये, भारत व दक्षिण आफ्रिका यांनी लसी व औषधांवरील पेटंटबंधने स्थगित करण्याची मागणी केली. श्रीमंत देशांनी ती वीस महिने लांबवली आणि जून २०२२ मध्ये तिचा सांगाडाच तेवढा हाती दिला. इतके झाल्यावर शेतकऱ्याने ‘सोडा ती संघटना’ म्हटले, तर त्यात आश्चर्य कसले?

येथे महाराष्ट्रातील एका जुन्या वादाची आठवण ठेवणे उपयुक्त ठरेल. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने डंकेल प्रस्तावाचे स्वागत केले होते. भारतीय शेतकऱ्याला अनुदान मिळत नसून उणे अनुदान मिळते, म्हणजे सरकारच निर्बंध लादून त्याचे भाव पाडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. खुल्या व्यापाराने ही लूट थांबेल, ही त्यांची अपेक्षा फोल ठरली. श्रीमंत देशांनी अनुदाने सोडली नाहीत आणि बाजार खुला झाला तो एकाच बाजूने. परंतु लुटीचा मोठा भाग दिल्लीत घडतो, हे त्यांचे निदान खोटे ठरले नाही. समाजवादी चळवळीने त्यांच्या उपायाला विरोध केला, तो योग्यच होता. मात्र निदानाकडे केलेले दुर्लक्ष आज महाग पडत आहे.

आता बहिर्गमनाचा हिशेब. कायद्याच्या दृष्टीने ते सोपे आहे. संघटनेच्या स्थापना-करारातील १५ व्या कलमानुसार कोणत्याही सभासदाने लेखी सूचना द्यावी, सहा महिन्यांनी त्याचे सभासदत्व संपते. संसदेची परवानगीही लागत नाही. प्रश्न उरतो तो सातव्या महिन्याचा. संघटनेच्या १६६ सभासदांवर एक मूलभूत बंधन आहे: आयातशुल्काची जी सवलत एका सभासदाला, तीच सर्वांना. करारांतून काही अपवाद आहेत, तरी सामान्य नियम हाच. बाहेर पडणाऱ्या देशाच्या मालावर मात्र कोणीही, कितीही शुल्क लावावे; दाद मागण्यास जागा नाही. मग प्रत्येक देशाशी स्वतंत्र सौदा करणे भाग पडते, आणि एकट्याने केलेल्या सौद्यात बलवानाचेच चालते.

ही कल्पनेतील भीती नाही. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारताच्या बहुतेक मालावर ५० टक्के शुल्क लावले. तिरुप्पूरचे कपडे, सुरतचे हिरे आणि आंध्रची कोळंबी यांना त्याचा फटका बसला, आणि कापड गिरणीतल्या, कोळंबी सोलणाऱ्या स्त्रियांच्या हाताचे काम गेले. संघटनेचा नियम धाब्यावर बसवूनच अमेरिकेने हे केले. ‘मग नियमाचा उपयोग काय?’ असा प्रश्न येथे विचारला जाईल. त्याचे उत्तर असे की, नियम मोडला गेल्यावर काय होते ते या प्रकरणाने दाखवून दिले. नियमच नसला तर हेच सर्व दिशांनी होईल. जंगलच्या कायद्यात वाघाचे काही बिघडत नाही.

दुसरे उदाहरण मैत्रीच्या वातावरणातील आहे. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात केंद्र सरकारच्या खरेदीचे दार ब्रिटिश कंपन्यांना उघडले गेले. औषधांच्या उपलब्धतेसाठी सक्तीच्या परवान्यापेक्षा कंपनीच्या मर्जीने मिळणारा परवानाच श्रेयस्कर, अशी शब्दरचनाही भारताने मान्य केली. जिनीव्हात अनेक वर्षे जे देण्यास भारताने नकार दिला होता, ते दोघांच्याच बैठकीत दिले गेले. जिनीव्हात नकार देताना आफ्रिका व आशियातील गरीब देश भारताच्या बाजूला बसलेले असतात. लंडनच्या मेजावर ते नसतात. बहुपक्षीय संघटनेला पर्याय म्हणून जे पुढे येते आहे ते स्वावलंबन नसून अशा द्विपक्षीय करारांची रांग आहे, हे बहिर्गमनवाद्यांनी ध्यानात घ्यावयास हवे.

वसईकरांना हा मुद्दा परदेशी दाखले न देताही कळेल. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा गावे वगळण्यासाठी येथे तीव्र आंदोलन झाले, आणि २०११ मध्ये राज्य शासनाने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली. तो वाद पुढे न्यायालयात दशकाहून अधिक काळ रेंगाळला. आंदोलनाची मागणी न्याय्य होती की नव्हती, हा येथे प्रश्न नाही. त्या ग्रामस्थांजवळ बाहेर पडून जाण्यासाठी ग्रामपंचायत नावाचे एक ओळखीचे घर होते. बाहेर काय आहे ते त्यांना ठाऊक होते. व्यापार संघटनेबाहेर भारतासाठी असे कोणते घर बांधून तयार आहे? २०१९ च्या नोव्हेंबरात भारताने आशियाई देशांच्या प्रादेशिक व्यापार करारातून अंग काढून घेतले, ते दूध उत्पादकांच्या हिताचे ठरले. परंतु तेथे भारताने सहीच केलेली नव्हती. उंबरठ्यावरून परत फिरणे निराळे आणि तीस वर्षे राहते घर पर्यायाविना सोडणे निराळे.

याहून महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. कष्टकऱ्यांना झालेल्या जखमांपैकी जिनीव्हाच्या किती आणि दिल्ली-मुंबईच्या किती? २०२१ पासून कापसावर ११ टक्के आयातशुल्क होते. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने ते माफ केले आणि माफी डिसेंबरअखेरपर्यंत चालू ठेवली. म्हणजे विदर्भ-मराठवाड्याचा नवा कापूस बाजारात येण्याच्या ऐन वेळी. जिनीव्हाने ही माफी मागितली नव्हती. पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्याची मुभा संघटनेच्या दप्तरी भारताला आहे. असे असता, ज्या हंगामात सोयाबीन हमीभावाखाली विकले गेले, त्याच हंगामाच्या अखेरीस, ३० मे २०२५ रोजी, कच्च्या खाद्यतेलावरील मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले गेले. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली, तीही कोणत्या जागतिक कराराने सांगितली म्हणून नव्हे. औषधांच्या बाबतीत कायद्याने दिलेले शस्त्रही म्यानातच राहिले. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट नियंत्रकांनी कर्करोगावरील एका औषधाचा सक्तीचा परवाना दिला, तेव्हा रुग्णाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून सुमारे ८,८०० रुपयांवर आला. संघटनेच्या नियमांत बसणारेच हे पाऊल होते. पुढील दशकभरात असा दुसरा परवाना दिला गेला नाही.

जूचंद्रच्या परिसरातही हाच हिशेब लागू पडतो. मिठागरांवर संकट आले ते वाढत्या शहराच्या जमिनीच्या भुकेतून. मुंबईत धारावीच्या पुनर्वसनासाठी २५५ एकरांहून अधिक मिठागरांची जमीन देण्याचे राज्य शासनाने २०२४ मध्ये ठरवले; तो निर्णय कोणा परदेशी संघटनेचा नव्हता. मच्छीमारांचा कडवा विरोध असताना ३० ऑगस्ट २०२४ रोजी ज्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली, तेही जिनीव्हाने लादलेले नाही. तेव्हा ‘संघटना सोडा’ या घोषणेत एक धोका दडलेला आहे: तिने राज्यकर्त्यांची आयती सुटका होते. ‘आमचा नाइलाज आहे, जागतिक करार आहेत’ असे म्हणत दिल्लीने जे स्वखुशीने केले, त्याचे खापर फोडण्यास तिला एक दूरचा दगड मिळतो.

मग अन्याय्य नियम निमूटपणे पाळावेत काय? मुळीच नाही. ज्या टापूने मीठ पिकवले, त्याला याचे उत्तर १९३० पासून ठाऊक आहे. १८८२ चा मिठाचा कायदा अन्याय्य होता. दांडीला, वडाळ्याला, शिरोड्याला लोकांनी तो उघडपणे मोडला, कारण सांगून मोडला आणि होणारी शिक्षा पत्करली. भाकरीच्या आड येणाऱ्या जागतिक नियमाबाबत सरकारी पातळीवर हेच धोरण शक्य आहे. व्यापार संघटनेजवळ पोलीस नाहीत, तुरुंग नाही, दंड वसूल करण्याची यंत्रणा नाही. एखाद्या देशाने निवाडा मानला नाही, तर तक्रारदार देशाला त्याच्या नुकसानीइतके प्रतिशुल्क लावण्याची परवानगी मिळते. शिक्षा एवढीच, आणि ती मोजता येते. अमेरिकेने आपल्या कापूस अनुदानांविरुद्धचा निवाडा वर्षानुवर्षे पुरता पाळला नाही आणि अखेर २०१४ मध्ये ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. श्रीमंत देश पैसे मोजून नियम मोडतो. गरीब देशाने आपल्या जनतेच्या अन्नासाठी किंमत मोजून तो मोडला, तर त्यात लाज बाळगण्याचे कारण नाही. अवज्ञेची किंमत मोजता येते, बहिर्गमनाची मोजता येत नाही. निवड करताना हा भेद निर्णायक आहे.

या मार्गाचे फळ एकदा मिळालेही आहे. संघटनेत निर्णय सर्वसंमतीने होतात, त्यामुळे एका देशाचा नकारही पुरेसा ठरतो. जुलै २०१४ मध्ये भारताने व्यापार सुलभीकरणाचा करार अडवून धरला. अन्नसाठ्याचा प्रश्न सुटल्याविना पुढे जाणार नाही, असे बजावले. जगभर टीका झाली. परंतु नोव्हेंबर २०१४ मध्ये संघटनेला लिहून द्यावे लागले की, कायमचा तोडगा निघेपर्यंत अशा सार्वजनिक अन्नसाठ्यांविरुद्ध तक्रार केली जाणार नाही. तांदळाची मर्यादा ओलांडूनही भारताला कोणी निवाड्यापुढे खेचले नाही, ते या शांतता कलमाच्या आधारे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली सुमारे ८० कोटी लोकांना मिळणाऱ्या रेशनमागे ही ढाल उभी आहे. बाहेर असलेल्या देशाला नकाराधिकार नसतो.

अर्थात आत राहण्याला मर्यादा आहेत, त्या लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडले आहे. साखरेच्या निकालाविरुद्ध भारताने जानेवारी २०२२ मध्ये या रिकाम्या मंडळापुढेच अपील केले, त्यामुळे निकाल लटकून राहिला. आज त्याचा लाभ झाला खरा. परंतु उद्या भारत फिर्यादी असेल तेव्हा तेच कुलूप भारताला नडेल. अवज्ञा उघड असावी, बंद न्यायालयाच्या आडोशाने केलेली नसावी.

या सर्वाची खरी कसोटी आता मासळीच्या प्रश्नावर लागणार आहे. १७ जून २०२२ रोजी जिनीव्हात झालेला मत्स्य-अनुदानांचा करार १५ सप्टेंबर २०२५ रोजी अमलात आला. त्या दिवशी तो स्वीकारलेल्या देशांत भारत नव्हता. बेकायदा मासेमारी आणि अतिरिक्त उपशाने खंगलेले मत्स्यसाठे यांवरील अनुदानांना तो बंदी करतो. उद्देश चांगला आहे. समुद्र ओसाड होत आहे हे अर्नाळ्याचा मच्छीमार कोणाही तज्ज्ञाइतकेच जाणतो. परंतु महासागर ओरबाडणारे श्रीमंत देशांचे कारखानेवजा ताफे आणि सहकारी संस्थेमार्फत डिझेलवरील कराचा परतावा घेणारी पाचूबंदरची बोट यांना एकाच पंक्तीला बसवणे न्यायाचे नाही. क्षमतावाढीच्या अनुदानांवरील पुढील, अधिक व्यापक नियम ठरावयाचे आहेत, आणि करार अमलात आल्यापासून चार वर्षांत ते न ठरल्यास करारच संपुष्टात येण्याची तरतूद आहे. ज्या मेजावर हे ठरणार, तेथून याच वेळी उठून जाणे म्हणजे कोळीवाड्याचे वकीलपत्र परत करण्यासारखे होय.

यास्तव पक्षाची मागणी नेमकी असावी. आंतरराष्ट्रीय करारांना संसदेची संमती अनिवार्य करणारा कायदा व्हावा; शेती व मासेमारी हे राज्यांचे विषय असताना २५३ व्या कलमाच्या आधारे केंद्राने राज्यांना न विचारता बांधून घेणे थांबावे. हमीभावाला कायद्याचे बळ द्यावे आणि १० टक्क्यांची मर्यादा आड आली तर ती उघडपणे नाकारावी. कापूस, तेलबिया व डाळी यांवर संघटनेने दिलेली शुल्काची मुभा हंगामात पूर्ण वापरावी. लहान मच्छीमाराचे डिझेल-साहाय्य ज्या करारात सुरक्षित नाही, त्यावर सही करू नये. आणि द्विपक्षीय करारांना हीच सर्व कसोटी लावावी, कारण आजचा अधिक मोठा धोका तेथे आहे.

बहिर्गमनाचा अधिकार मात्र गहाण टाकू नये. अन्नसाठ्यांचे शांतता कलम काढून घेतले गेले, आणि रेशन व हमीभाव चालू ठेवण्याची किंमत राष्ट्राच्या सहनशक्तीपलीकडे गेली, तर १५ वे कलम वापरण्याची वेळ आली असे समजावे. तोवर ते खिशात असावे. सत्याग्रहीही वाटाघाटीला जातो, पण मिठाची मूठ सोडत नाही.

जूचंद्रच्या मिठागरावर राबणाऱ्याने उद्या कार्यकर्त्याला विचारावे, ‘तुमची ती संघटना सोडली तर आमच्या घरात काय येईल?’ तेव्हा कार्यकर्त्याजवळ घोषणा नको, हिशेब हवा. त्या हिशेबाची पहिली ओळ दिल्लीच्या नावे आहे, दुसरी मुंबईच्या नावे. जिनीव्हाची ओळ त्यानंतर येते, आणि तीही वसूल करावयाची आहेच. ती सोडून द्यावयाची नाही.